नोकरीच्या दारावरील जकात

कारखान्यास माणसे पाहिजेत व माणसांस काम पाहिजे, इतके असले म्हणजे दोघांची गाठ आपोआप पडते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः या दोहोंच्या मध्ये एक दार असते. आणि त्या दाराची किल्ली कोणाच्या कमरेस आहे, यावरच नोकरी गुणाने मिळावयाची की दामाने, हे ठरते. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास याची साक्ष देतो.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत गिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या. रत्नागिरी, सातारा इत्यादी जिल्ह्यांतून हजारो लोक पोटासाठी आले. त्यांची पारख मालकांनी स्वतः केली नाही; ते काम जॉबरावर सोपविले. जॉबर आपल्या गावचे, नात्यागोत्यातले लोक आणी. नवख्यास तो आधार होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण कामावर घेणे व काढणे त्याच्याच हाती असल्याने त्या अधिकारास लवकरच बाजारभाव आला. त्याचे नाव दस्तुरी! उपकार आणि लूट ही एकाच हातून होऊ लागली.

१९३१ साली व्हिटली कमिशनने आपल्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि नोकरभरती जॉबराकडून काढून लेबर ऑफिसराकडे द्यावी, असे सुचविले. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांस कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. रिकाम्या जागी कार्डवाल्यांनाच घ्यावे, हा नियम. म्हणजे लाच थांबविण्यास नुसता उपदेश पुरत नाही. अधिकार मर्जीतून काढून नोंदीत आणावा लागतो, हे तेव्हाच उमगले होते. १९५९ च्या कायद्याने पंचवीस वा अधिक नोकर असलेल्या खासगी आस्थापनांसही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे भाग पाडता येऊ लागले. परंतु तेथील उमेदवार घेण्याची सक्ती नव्हती. दाराचा पत्ता जाहीर झाला, किल्ली मात्र होती तेथेच राहिली.

आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. दस्तुरी थांबली आहे काय? ‘नोंदणी’ आणि ‘प्रशिक्षण’ या गोंडस नावांनी बेकार तरुणांकडून पैसे उकळणारे दलाल हे जॉबराचेच वंशज होत.

आमचे व्यापारी वाचक म्हणतील, अनोळखी माणसाच्या हाती गल्ला कसा द्यावा? शंका रास्त आहे. परंतु ओळख ही साक्ष होय, निवाडा नव्हे. आणि साक्षीची उलटतपासणी झालीच पाहिजे. जागा, पगार व लागणारी लायकी उघड जाहीर करावी. येईल त्या प्रत्येकास तेच प्रश्न विचारावेत, तेच काम करून दाखविण्यास सांगावे. निवड एकट्यावर न सोपविता दोघांनी करावी, आणि उमेदवाराकडून एक पैही घेतली जाऊ नये. यास खर्च थोडा आहे. याउलट, पैसे भरून आत आलेला मनुष्य ते वसूल केल्यावाचून राहत नाही, आणि ती वसुली अखेर धन्याच्याच दुकानातून होते.

गुणी पण निराधार मुलास दारावरूनच परत जावे लागणे, हा केवळ त्याचा तोटा नव्हे. तो देशाच्या भांडवलाचा नाश होय.