यशवंतपूर : जंगलाच्या वाटेवरचं स्टेशन

बेळगाव-हुबळीकडून येणारी गाडी तुमकूर सोडते आणि डब्यात आवराआवर सुरू होते. एप्रिल-मेच्या सुट्टीत या गाड्यांत मराठी कुटुंबं हमखास भेटतात. गळ्यात दुर्बीण, पिशवीत चिवडा आणि पोरांच्या तोंडी एकच प्रश्न, ‘वाघ दिसेल ना?’ यशवंतपूरला उतरायचं, म्हैसूर गाठायचं आणि तिथून बंदीपूर नाहीतर कबिनीचं जंगल. मधलं यशवंतपूर म्हणजे एक चहा. मीही कित्येक वर्षं एवढंच यशवंतपूर पाहिलं.

बंगळूरच्या वायव्येचा हा भाग गजबजलेला. डोक्यावरून मेट्रो, खाली तुमकूर रस्त्याची वर्दळ, मार्केट यार्डात महाराष्ट्रातून आलेल्या कांद्याची पोती. पण चौकातून थोडं चाललं की एक लांबलचक कुंपण लागतं आणि आतली झाडी दिसते. भारतीय विज्ञान संस्था. 1909 साली सुरू झालेल्या या संस्थेला म्हैसूर दरबाराने 371 एकर जागा दिली. जुनी माणसं तिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात.

या झाडीत लोरिस राहतो. कन्नडमध्ये त्याला ‘काडुपापा’ म्हणतात, म्हणजे रानातलं बाळ. वीतभर अंग, काटकुळे हातपाय, शेपूट नाही आणि चेहराभर डोळे. तो रात्री बाहेर पडतो, किडे टिपतो. त्याला पाहायला जाणारे अभ्यासक तांबडा दिवा वापरतात. पानांमागे दोन निखारे चमकतात, क्षणभर थांबतात आणि सावकाश पुढच्या फांदीवर जातात. सावकाश हा शब्द महत्त्वाचा. लोरिसला माकडासारखी उडी मारता येत नाही. एका झाडाची फांदी दुसऱ्याला टेकलेली असेल तरच त्याची वाट चालू राहते. मोठं झाड पडलं की त्याच्यासाठी पूलच कोसळला.

याच संस्थेत 1973 साली पुण्याचं एक जोडपं कामाला आलं. माधव गाडगीळ आणि सुलोचना गाडगीळ. सुलोचनाबाईंनी मान्सूनचा अभ्यास केला. माधवरावांनी कर्नाटकातल्या बांबूपासून हत्तींपर्यंत जंगल वाचलं आणि 1983 साली इथे परिस्थितिकी विज्ञान केंद्र उभं केलं. एका घरात पाऊस आणि जंगल यांचा अभ्यास शेजारी शेजारी चालला, याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण आज सफारीचं जे काही बिघडतंय ते नेमकं पाऊस आणि जंगल यांच्या मधोमध आहे.

केंद्राच्या संशोधकांनी 1988 साली बंदीपूरला लागून असलेल्या मुदुमलैच्या जंगलात 50 हेक्टरचा तुकडा आखून घेतला. बोटाएवढ्या जाडीच्या रोपापासून पुढे प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. कोणतं झाड जगलं, कोणतं वणव्यात गेलं, कोणतं हत्तीने मोडलं, याची नोंद दर वर्षी होते. दशकानुदशकं अशी हजेरी घेतल्यावर लक्षात येतं, की अवर्षणाचा मार लगेच दिसत नाही. पाऊस हुकला त्या वर्षी झाड उभंच असतं, काही वेळा दोन-तीन वर्षांनी वाळतं. पर्यटकाला हिरवं दिसणारं जंगल आतून जुन्या दुष्काळाची किंमत मोजत असू शकतं.

आता कबिनी. 1974 साली पूर्ण झालेल्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकतं, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत फुटतं आणि आजूबाजूच्या जंगलातले हत्ती तिथे जमतात. आपल्या सुट्टीचं आणि त्यांच्या तहानेचं गणित असं जुळलेलं होतं. एप्रिलमध्येच दणकून पाऊस झाला की आतली तळी, डबकी भरतात. मग हत्ती काठावर येतीलच कशाला? जंगलासाठी तो पाऊस वरदान, पण जीपमधली मंडळी ‘काही दिसलं नाही’ म्हणत परततात. वाघ घटले असा समज करून घेणं मात्र चूक. कर्नाटकात 2018 च्या गणनेत 524 वाघ होते, 2022 मध्ये 563.

उलट टोकही पाहून झालंय. 2023 साली पावसाने दगा दिला आणि राज्यातले 236 पैकी 223 तालुके दुष्काळी ठरले. पुढच्या उन्हाळ्यात बंगळूरच्या कूपनलिका आटल्या. 28 एप्रिल 2024 रोजी या थंड हवेच्या शहरात पारा 38.5 अंशांवर गेला आणि पाच आठवड्यांनी, 2 जूनला, एका दिवसात 111 मिलिमीटर पाऊस कोसळला. बंदीपुरात वनखात्याला सौरपंप लावून पाणवठे भरावे लागतात. फेब्रुवारी 2019 च्या वणव्यात तिथलं 10 हजार एकरांहून अधिक रान जळलं आणि सफारी बंद ठेवावी लागली. आग माणसाने लावली होती, हे स्पष्ट सांगायला हवं. पण वाळलेलं गवत, घाणेरीची जाळी आणि वारा यांनी ती पसरवली. श्रीरंगपट्टणजवळच्या रंगनथिट्टू पक्षी अभयारण्याला मात्र त्रास पाण्याचा. कृष्णराजसागरातून पाणी सोडलं की कावेरीतली बेटं बुडतात आणि पक्षी पाहायची नौका थांबते.

या सगळ्यात होरपळतो तो सफारीवर पोट असलेला माणूस. जीपचा चालक, वाटाड्या, नावाडी. सफारी रद्द झाली की त्याची रोजची कमाई बुडते, पर्यटकाचा फक्त एक दिवस जातो. म्हणून जनावर दाखवण्याच्या हमीवर विकल्या जाणाऱ्या सहली बंद व्हाव्यात, असं माझं ठाम मत आहे. त्या हमीपायी चालकावर दबाव येतो आणि जीप जनावराच्या अंगावर जाते.

यशवंतपूरला उतरलात तर लगेच म्हैसूरची गाडी धरू नका. संस्थेचा परिसर पर्यटनस्थळ नाही, परवानगीशिवाय आत जाऊ नये. पण जवळच 1882 साली बांधलेला सँकी तलाव आहे, तिथे सकाळी पाणकावळे पंख वाळवत बसलेले दिसतात. पुढे निघण्याआधी सफारी आणि नौका चालू आहेत का, हे वनखात्याकडून विचारून घ्या. हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. आणि चालकाला वाघासाठी घाई करू नका.