एक गुंठा, चाळीस वर्षं, एक रुपया

एक गुंठा जमीन चाळीस वर्षांसाठी भाड्यानं घ्या आणि चाळीस वर्षांचं मिळून एक रुपया भाडं द्या. असा सौदा कर्नाटकात खरोखर झाला, आणि तो एका गुंठ्याचा नव्हता, तीस लाख गुंठ्यांचा होता.

१४ नोव्हेंबर १९८४ रोजी कर्नाटक सरकारनं बिर्ला समूहातल्या हरिहर पॉलिफायबर्सशी करार केला. त्यातून ‘कर्नाटक पल्पवूड लिमिटेड’ ही कंपनी उभी राहिली. भांडवलात सरकारचा वाटा ५१ टक्के, हरिहरचा ४९. रेयॉनसाठी लागणारं लाकूड पिकवायचं, म्हणजे मुख्यतः निलगिरी लावायची, एवढंच तिचं काम. त्यासाठी राज्याच्या उत्तरेकडच्या चार जिल्ह्यांत ३०,००० हेक्टर सामायिक जमीन निवडली गेली. मुदत ४० वर्षं, भाडं एकराला वर्षाकाठी एक रुपया.

३०,००० हेक्टर म्हणजे ३०० चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई साधारण ६८ चौरस किलोमीटर भरते, म्हणजे अशा चार मुंबई मावून वर जागा उरेल. ज्या बेंगळुरूत हा निर्णय झाला, त्या शहराची महापालिका २००७ च्या विस्तारापूर्वी २२६ चौरस किलोमीटरची होती. म्हणजे राजधानीहून मोठा भूभाग कंपनीसाठी ठरवला गेला. २४० एकरांचं लालबाग त्यात तीनशेहून जास्त वेळा बसतं. एवढ्या जमिनीचं वर्षाचं भाडं सुमारे ७४,००० रुपये आणि दिवसाचं सुमारे २०३ रुपये. चाळीस वर्षांची बेरीज अवघी तीस लाखांच्या आसपास.

आता पिकाची वाटणी बघा. उत्पादनाचा ८७.५ टक्के भाग थेट हरिहर पॉलिफायबर्सला जायचा. राहिलेला १२.५ टक्केही विकत घ्यायची मुभा त्याच कंपनीला. कर्नाटक पल्पवूडला लागणाऱ्या कर्जाला हमी सरकारची, आणि कर्ज देणाऱ्यांत खुद्द शेती-ग्रामविकासाची बँक नाबार्ड. शेकड्यातला शेवटचा दाणासुद्धा मोजून झाला, तेव्हा त्या जमिनीवर रोज पाय पडणाऱ्या गावांच्या वाट्याला शून्य आलं.

ही जमीन कागदावर सरकारी होती, पण गावाची निम्मी गरज तिच्यावर भागायची: गुरांना चारा, चुलीला सरपण, शेताला पालापाचोळा, छपराला गवत. ज्याच्याकडे पाच एकर ओलीत आहे, त्याचं गायरान गेलं तरी निभतं. ज्याच्याकडे दोन म्हशी आहेत आणि जमीन एक वाफाही नाही, त्याच्या म्हशी जातात. निलगिरी वनखात्याला आणि कंपन्यांना आवडते याचं एक मोठं कारण हे, की तिच्या पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत. कुंपण लागत नाही, राखण लागत नाही. कंपनीच्या जमाखर्चात जी बचत दिसते, तीच गावाच्या गोठ्यातली उपासमार असते. दोन्हींचं कारण एकच पान.

दोन मीटरवर एक रोप या हिशेबानं हेक्टरी २,५०० झाडं बसतात. सगळी जमीन अशी भरली असती, तर साडेसात कोटी झाडं झाली असती. १९८१ च्या जनगणनेत कर्नाटकाची लोकसंख्या ३ कोटी ७१ लाख होती, म्हणजे माणशी दोन निलगिरी.

ते झालं नाही. समाज परिवर्तन समुदाय ही धारवाडची संघटना आणि कादंबरीकार शिवराम कारंत सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९८७ मध्ये कंपनीकडे आणखी जमीन सोपवण्याला स्थगिती मिळाली. तरीही आधी दिलेल्या जमिनीवर लागवड चालूच होती. मग कराराला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, १४ नोव्हेंबर १९८७ ला, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या हानगल तालुक्यात, कुसनूर गावी सुमारे दोन हजार माणसं जमली. ८५ वर्षांच्या कारंतांनी अहिंसेची शपथ दिली. आंदोलनाचं नाव ‘कित्तिको-हच्चिको’, म्हणजे उपटा आणि लावा. लोकांनी निलगिरीची शंभरावर रोपं उपटली, त्या जागी फळांची आणि चाऱ्याची झाडं लावली, आणि त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी घेऊनच ते घरी गेले. साडेसात कोटींच्या आराखड्यापुढे शंभर रोपं म्हणजे साडेसात लाखांत एक. पण ऑक्टोबर १९९१ मध्ये कंपनी रीतसर बंद झाली. कोर्ट, आमदार, बँका, वर्तमानपत्रं या सगळ्यांचा त्यात हात होता, तरी कुसनूरच्या शंभर रोपांइतकं वजन मला दुसऱ्या कशाचं वाटत नाही.

हा सौदा आभाळातून पडलेला नव्हता. त्याआधी १९५८ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातला बांबू दांडेलीच्या वेस्ट कोस्ट पेपर मिलला टनाला दीड रुपयानं देण्याचं ठरलं होतं. क्विंटलला पंधरा पैसे. दहा टनांचा भरलेला ट्रक पंधरा रुपयांना. सूप, टोपल्या, डालगी विणणाऱ्या मेदार आणि बुरुडांना तोच बांबू बाजारात टनाला हजाराच्या वर पडायचा, म्हणजे सहाशे पटींहून महाग. कर्नाटकाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत या समाजांचं नाव आहे. राज्यानं ज्यांना खास संरक्षण द्यायचं कबूल केलं, त्यांनाच कच्चा माल सर्वांत महाग मिळत होता.

गिरणीमुळे बांबू संपत चालला अशी या विणकरांची तक्रार होती. १९७५ च्या सुमारास राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री एम. वाय. घोरपडे यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या माधव गाडगीळांना त्याचा अभ्यास करायला सांगितलं. गाडगीळ रानात गेले. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांची दाट जाळी असते. पावसाळ्यात कोवळे कोंब तिच्या आडून वर येतात. तोड सोपी व्हावी आणि बेट मोकळं वाढावं म्हणून ही जाळी साफ केली जात होती. गावकऱ्यांनी दाखवून दिलं, की जाळी गेली की कोंब गुरं, वानरं आणि साळिंदरं खातात आणि बेट म्हातारं होऊन मरतं. मोजणीतून गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं. वनखात्यानं कागदावर धरलेला बांबूचा साठा प्रत्यक्षाच्या सुमारे दहापट निघाला. ज्यांना आकडेमोड येत नाही असं धरून चाललं होतं, त्यांचा हिशेब अचूक होता.

निलगिरीचा आणि बांबूचा प्रश्न कर्नाटकापुरता नाही. ब्राझीलच्या एस्पिरितु सांतु राज्यात तुपिनिकिम आणि गुआरानी आदिवासींनी निलगिरी लावणाऱ्या लगद्याच्या कंपनीशी कित्येक वर्षं झुंज दिली, आणि ऑगस्ट २००७ मध्ये सुमारे ११,००० हेक्टर जमीन त्यांची असल्याचं सरकारला मान्य करावं लागलं. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या पाचशेच्या आसपास वस्तीच्या गोंड गावानं २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली आणि उत्पन्न कोटीच्या पुढे गेलं.

पण हा कायदा सगळ्यांना सारखा लागू नाही. दांडेलीच्या आसपास, हळियाळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात मराठी बोलणारे धनगर गौळी म्हशी राखून राहतात. शेजारी सिद्दी आहेत, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गौळ्यांना अजून मिळालेला नाही. त्यामुळे वनहक्क कायद्यात ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात, आणि अशांसाठी अट आहे की १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथल्या वास्तव्याचा पुरावा हवा. कर्नाटक पल्पवूड कंपनीला पुढची चाळीस वर्षं लिहून देताना तिच्या मागच्या एका वर्षाचा दाखलाही कुणी विचारला नव्हता. गौळ्यानं मात्र आपला आजा १९३० साली याच रानात म्हशी चारत होता, हे सिद्ध करायचं आहे.