नकाराचा रकाना

बेघरांसाठी काम करणाऱ्या ज्या नगरपालिकीय फिरत्या पथकाची देखरेख काही वर्षे माझ्याकडे होती, त्याच्या नोंदवहीत सहा रकाने होते : ठिकाण, वेळ, स्त्री वा पुरुष, अंदाजे वय, निवारागृहात रवानगी, आणि सर्वांत शेवटी शेरा. पाचव्या रकान्याची बेरीज महिनाअखेरीस वरिष्ठांकडे जाई. सहाव्यात बहुतेक ओळींपुढे एकच शब्द असे, 'नकार'. पहिले सहा महिने तो शब्द वाचून मी पान उलटीत असे. माणूस रस्त्यावर निजला आहे, त्याला छपराखाली नेण्यासाठी सरकारी गाडी त्याच्या उशाशी उभी आहे, आणि तरीही तो पांघरूण डोक्यावर ओढून कूस बदलतो, याचे कारण व्यसन, वेड किंवा हट्ट यांपैकीच काहीतरी असले पाहिजे, असे चार सुशिक्षितांप्रमाणे मलाही वाटे. देखरेखीचे खरे काम त्या सहाव्या रकान्यात आहे हे ध्यानी येण्यास बराच काळ गेला.

मुळात हे लोक कोण? जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जे कुटुंब कोणत्याही घरात न राहता उघड्यावर, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवालयाच्या आवारात वा रेल्वेच्या फलाटावर राहते ते बेघर. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री त्यांची गणना झाली, तेव्हा देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे नोंदली गेली, आणि त्यांतली ९ लाख ३८ हजार शहरांतली होती. परंतु लग्नघरी वाढपाचे काम करून पहाटे परतणारा मजूर, किंवा भीतीपोटी दर दोन रात्रींनी निजण्याची जागा बदलणारी एकटी स्त्री एका रात्रीच्या मोजणीत सापडणे किती कठीण आहे, हे फिरतीवर गेलेल्या कोणालाही विचारावे. शिवाय हा एकजिनसी समुदायही नव्हे. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयालगत पदपथावर निजणाऱ्या रुग्णांचे आणि त्यांच्या नातेवाइकांचे गावी घर असते, शेजारपाजार असतो. उपचार चालू असेतोवर शहरात मात्र त्यांना पाठ टेकण्यास जागा नसते.

कायद्याने या लोकांसाठी काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. अन्नाच्या अधिकाराविषयीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारागृह उभारण्याचे आदेश दिले, आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यांची मापेही ठरली : किमान ५० माणसांची सोय, प्रत्येकी ५० चौरस फूट जागा, बारा महिने आणि चोवीस तास उघडे दार. पण त्याच्याही आधी, १९८५ साली, ओल्गा टेलिस यांच्या खटल्यात याच न्यायालयाने जे म्हटले ते माझ्या पथकाला अधिक उपयोगी पडले. पदपथावर राहणारा मनुष्य तेथे राहतो तो त्याचा रोजगार जवळ असतो म्हणून, आणि उपजीविकेचे साधन हिरावणे म्हणजे जगण्याचा अधिकार हिरावणे होय, हा तो विचार. योग्य नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभा न्यायालयाने पालिकेला दिलीच, हेही येथे सांगितले पाहिजे. तरीही निजण्याची जागा आणि मजुरीचा नाका यांमधले अंतर हा पोटाचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्या निकालाने कायमची नोंदवून ठेवली.

दुसरा एक कायदा मात्र आमच्या गाडीच्या आधीच सर्वत्र पोहोचलेला असे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमात भीक मागण्याची व्याख्या इतकी विस्तृत आहे की, उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी असे वावरणे, की ज्यायोगे ती व्यक्ती भिक्षेवर जगत असावी असे वाटावे, हेही तिच्यात बसते. पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात. पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात स्थानबद्धता होऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली तेथे लागू असलेल्या या कायद्यातील दंडाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. महाराष्ट्रात कायदा उभाच आहे. रात्री अकराला शासकीय पाटीची गाडी थांबते आणि अनोळखी मनुष्य मृदू स्वरात 'चला, तुम्हांला चांगल्या ठिकाणी नेतो' म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात कोणते ठिकाण उभे राहत असेल? त्याच्या भयाला हट्ट म्हणणे हा अन्याय आहे, आणि तो मी केलेला आहे.

पुढे एक नियम घातला : नुसता 'नकार' लिहावयाचा नाही, माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहावयाचे. पथकातील समूह संघटकांना प्रारंभी हे जाचक वाटले, कारण एका माणसापाशी दोन मिनिटांऐवजी वीस मिनिटे बसावे लागे आणि महिन्याची बेरीज घटे. ती घट वरिष्ठांपुढे समर्थपणे मांडणे हे माझे काम होते. महिन्याभरात शेऱ्यांतून जे शहर दिसू लागले ते आमच्या ओळखीचे नव्हते. नवऱ्याला पुरुषांच्या निवाऱ्यात आणि मला बायकांच्यात ठेवाल, मग लेकरू कोणाकडे? पहाटे सहाला नाक्यावर नसलो तर मुकादम दुसऱ्याला नेतो. कुत्र्याला आत घेत नाहीत. मागच्या वेळी दार दहाला लागले, मी एकला आलो. हातगाडी ओढणाऱ्या एकाच्या ओळीपुढे चार महिने 'नकार' होता, विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, गाडी माझी न्हाई, मालकाची हाय. ती गेली तर भरून कोण देईल?" निवारागृहाच्या आवारात साखळी-कुलपाची सोय केली, तेव्हा तो आला आणि त्याच्यासारखे आणखी दोघे आले. त्यांतला एक आठवड्याने परत पुलाखाली गेला. त्याचेही कारण लिहिले गेले.

सर्वच नकार मान्य करता येत नाहीत. मानसिक आजारामुळे जो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, त्याच्यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने पोलिसांवर कर्तव्य टाकले आहे : त्याला संरक्षणात घ्यावे, कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे. हा भेद रस्त्यावर, अपुऱ्या उजेडात करणे हे या कामातील सर्वांत जबाबदारीचे कृत्य होय, आणि ते एकट्या कार्यकर्त्यावर सोडू नये.

ज्याने मन खरोखर विदीर्ण होई ती गोष्ट वेगळीच. आम्ही तीन महिने खटपट करून एखाद्याचे कागद जमवावे, निवारागृहाच्या अधीक्षकाचा दाखला घेऊन आधार कार्ड काढून द्यावे, आणि एका सकाळी अतिक्रमण निर्मूलनाच्या लॉरीत त्याचे बोचके जावे. बोचक्यात कार्ड, क्षयाच्या गोळ्या, मुलीचा फोटो. गोळ्यांचा सहा महिन्यांचा क्रम मोडतो तो त्या लॉरीत. एकच संस्था एका हाताने कागद देते आणि दुसऱ्या हाताने नेते, हे त्या माणसाला कोणत्या शब्दांत समजावून सांगावे? पुढे कारवाईच्या आदल्या दिवशी मी संबंधित कार्यालयात स्वतः जाऊन बसू लागलो, आणि पथकाने प्रत्येकाला कागद व औषधे अंगावर बाळगण्यासाठी गळ्यात अडकविण्याची पिशवी दिली. ही तोकडी योजना होती, पण तिच्यामुळे काही कागद वाचले.

पुलाखालचा एक वृद्ध आमच्या एका संघटिकेला ताई म्हणे, ती त्याला बाबा म्हणे. तीन वर्षांत तो एकदाही निवारागृहात आला नाही. एका हिवाळ्यात सकाळी तो मृत आढळला, आणि पंचनाम्यात 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ' असे लिहिले जात असता ही बाई जुन्या तीन नोंदवह्या घेऊन पोलीस ठाण्यात गेली. शेऱ्यांच्या रकान्यात त्याचे बोलणे तुकड्यातुकड्यांनी होते : नाव, गावच्या बाजाराचा वार, धरणात गेलेले शेत, आणि 'बहीण न्यायला येणार आहे, म्हणून इथून हलत नाही' हे सात वेळा. त्यावरून गाव सापडले. बहीण आधीच वारली होती. तिचा मुलगा तिसऱ्या दिवशी आला. त्याच्याबरोबर स्मशानात जाण्यासाठी संघटिकेने रजेचा अर्ज आणून माझ्यापुढे ठेवला. तो मी परत केला, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'फिरती' असे लिहिले.