किरणाचे बारदान

धान्याच्या व्यापाऱ्यास बारदान म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. काट्यावर पोते चढते, त्यातून बारदान वजा होते आणि उरेल तो माल. पैसे मिळतात ते मालाचे. गाडीभाडे व हमाली मात्र दोहोंची द्यावी लागते. क्विंटलभर गव्हाला बारदान किलोभराच्या आसपास असल्याने आपण त्याचा फारसा विचार करीत नाही. परंतु ज्याला स्वतःचे वजन मुळीच नाही आणि ज्याचे बारदान मात्र ३३ क्विंटल भरते, असाही एक माल आहे. व तो ट्रकमध्ये घालून गावोगाव फिरविण्याच्या उद्योगात आमच्या पेढीची रक्कम एके काळी गुंतली होती. तो माल म्हणजे लेझरचा किरण. संपादक मंडळाने आमच्याकडे गव्हाच्या तेजीमंदीवर लेख मागितला होता. त्या विषयावर आमच्याहून अधिकारी मंडळी संघात पुष्कळ आहेत, सबब आम्ही या आडवाटेच्या अनुभवावर लिहिण्याची परवानगी मागून घेतली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; पण नऊ लाख रुपये गुंतले म्हणजे मनुष्य पदार्थविज्ञानही शिकतो.

आमचा पुतण्या गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी पत्रे कापण्याचा कारखाना चालवितो. २०१३ साली त्याने १ किलोवॅट शक्तीचे एक जुने वायू-लेझर यंत्र मिळविले. त्या वर्षांत मध्य प्रदेशात गव्हाची सरकारी खरेदी वाढत होती आणि मंडीदीपपासून सिहोरपर्यंत जिकडे तिकडे गोदामे उठत होती. पुतण्या एके सायंकाळी आमच्याकडे बाग सेवनियात आला आणि म्हणाला, “काका, पत्रा आधी कारखान्यात येतो आणि कापून पुन्हा कामाच्या जागी जातो. भाडे दोनदा पडते. त्याऐवजी यंत्रच पत्र्याकडे गेले तर?” ज्याने आयुष्यभर दुहेरी भाड्याविरुद्ध झगडा केला, त्याच्यापुढे याहून गोड युक्तिवाद ठेवता आला नसता. चैत्रातील खरेदीसाठी राखलेल्या रकमेतून आम्ही नऊ लाख काढून दिले. घरामागील मोकळ्या जागेत ट्रक उभा राहिला आणि त्यावर यंत्र चढू लागले.

पहिली हरकत घरातूनच आली. आमच्या वहिनींनी ‘गॅसचे यंत्र’ एवढेच शब्द ऐकले आणि त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधील ती रात्र ज्यांनी या शहरात काढली, त्यांच्या कानाला हा शब्द अजूनही सहन होत नाही. त्यांना हसणे योग्य नव्हे. पुतण्याने आईला बसवून समजाविले की, या यंत्रात तीन वायू असतात, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम. तिन्ही हवेतच आढळणारे; पैकी एकही भोपाळच्या त्या वायूसारखा विषारी नाही. शिवाय नळीतील दाब बाहेरच्या हवेहून कमी असल्याने फट पडली तर वायू बाहेर न येता हवाच आत जाते. वहिनींनी शांतपणे विचारले, “आणि त्या सिलिंडरांचे काय?” प्रश्न बिनतोड होता. सिलिंडरात वायू सुमारे दीडशे वातावरणांच्या दाबाने कोंडलेला असतो. गाडी आदळून सिलिंडराचे तोंड तुटले तर ते तोफगोळ्यासारखे सुटेल, आणि बंद ट्रकमध्ये वायू साचला तर आतल्या माणसास प्राणवायू पुरणार नाही. त्या दिवसापासून सिलिंडर साखळदंडाने बांधण्यात आले आणि ट्रकच्या भिंतींना जाळीच्या खिडक्या पडल्या.

या लेझरचा जनक महाराष्ट्राच्या मातीत जन्मला, हे वाचकांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि बेल प्रयोगशाळेत असताना १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर जगापुढे ठेवला. पुढे १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. त्यांच्या युक्तीचे मर्म आम्हास आमच्याच भाषेत कळले. नायट्रोजन हा अडत्या आहे. तो विजेकडून ऊर्जा उचलतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करतो. कार्बन डायऑक्साइड ती ऊर्जा डोळ्यास न दिसणाऱ्या उष्ण किरणाच्या रूपाने विकतो. हेलियम हा पल्लेदार. मागे उरलेली उष्णता वाहून नेणे हे त्याचे काम. पल्लेदार थकला की सौदा अडतो. वायू फार तापला की किरणाची शक्ती घसरू लागते.

सगळ्या अडचणींचे मूळ येथे आहे. अशा यंत्रात शेकडा दहाच्या आसपास वीज किरणात उतरते. म्हणजे १ किलोवॅट किरणासाठी सुमारे १० किलोवॅट वीज नळीत घालावी लागते, आणि ९ किलोवॅट उष्णता बाहेर काढावी लागते. दीड किलोवॅटच्या सहा शेगड्या एका पेटीत पेटवून ती पेटी थंड ठेवावी, असा हा प्रकार. साध्या काचेच्या नळीत उष्णता आपसूक भिंतीपर्यंत पोचते, परंतु त्या रीतीने मीटरभर नळीतून पन्नास ते ऐंशी वॅटच किरण मिळतो. हिशेबाने १ किलोवॅटला पंधरा-वीस मीटर नळी हवी. एवढी नळी कोणत्या ट्रकमध्ये मावेल? म्हणून मोठ्या यंत्रांत वायूच पंख्याने प्रचंड वेगाने फिरवितात आणि वाटेत पाण्याच्या नळ्यांवर थंड करतात. नळी आखूड झाली, पण पंखा आला, त्याची मोटर आली, निर्वात पंप आला, पाणी थंड करणारे यंत्र आले. मिनिटाला दहा लिटर पाणी फिरविले तर ते ९ किलोवॅटमुळे दर फेरीस तेरा अंशांनी तापते; तेवढे अंश उतरविल्यावाचून ते परत पाठविता येत नाही. या सर्वांना वीज पुरविण्यासाठी २५ केव्हीएचे डिझेल जनित्र, आणि नळीसाठी वीस हजार व्होल्टच्या वरचा विद्युत्दाब देणारी पेटी.

धर्मकाट्यावर आम्ही एकेक नग चढवून वही भरली. लेझरची पेटी साडेआठ क्विंटल, वीजपेटी साडेतीन, पाण्याचे यंत्र पाण्यासह साडेचार, जनित्र साडेनऊ, सिलिंडर तीन, चौकट, कमानी व केबल मिळून चार. एकूण तेहतीस क्विंटल. पत्रा कापणारा किरण त्यात कोठेच नव्हता.

वजन मात्र केवळ भाड्याचा प्रश्न होता. खरी फजिती आरशांनी केली. नळीच्या दोन टोकांस दोन आरसे असतात, मधल्या वळणांवर आणखी काही, आणि ते परस्परांशी अचूक जुळलेले असावे लागतात. दहा मीटरवर मिलिमीटरभर फरक पडेल इतका कोन बदलला तरी किरणाचे रूप बिघडू लागते. आमचा पहिला फेरा मंडीदीपच्या पलीकडील एका गोदामाच्या बांधकामावर होता. बाग सेवनियाहून मिसरोदमार्गे जेमतेम दोन तासांचीही वाट नव्हे. मुख्य रस्ता चांगला, शेवटचे दोन कोस कच्चे. पोचल्यावर आरसे जुळविण्यास दीड दिवस लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा हलले, आणि या वेळी गाडी जागची हललीही नव्हती. कारण उन्हात सापडले. तीन मीटर लांबीची पोलादी चौकट वीस अंशांनी तापली तर सुमारे पाऊण मिलिमीटर वाढते. एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असेल तर ती वाढण्याऐवजी वाकते. इन्व्हार नावाची निकेलमिश्रित धातू यास औषध आहे, ती पोलादाच्या दशांशानेच प्रसरण पावते. परंतु तिचा भाव ऐकून आम्ही औषधाची आशा सोडली.

आषाढात निराळेच संकट आले. नळ्यांतील पाणी वीस अंशांवर ठेवलेले, आणि भोपाळच्या पावसाळी हवेत तेवीस-चोवीस अंशांवरच दव धरते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून घाम यावा तसा ओलावा भिंगावर धरला. हे भिंग काचेचे नसते, कारण या किरणास साधी काच भिंतीसारखी अपारदर्शक. ते झिंक सेलेनाइडचे असते व बाहेरदेशाहून येते. ओल्या, धुळीने माखलेल्या भिंगावर पूर्ण शक्तीचा किरण पडताच ते तडकले. पाण्याचे तापमान वाढवावे तर किरण घटतो, न वाढवावे तर दव पडते. गाळ्यात वातानुकूलन लावून हा प्रश्न सुटतो. ट्रकवर तेच केले तर जनित्र आणखी मोठे.

भिंगाच्या नुकसानीहून ज्याने आम्हास हलविले ती घटना दिवाळीनंतर सिहोरच्या बाजूस घडली. आरसे जुळविताना किरण कमी शक्तीवर सोडून पाहत होते. कोठला तरी एक आरसा खिळखिळा होऊन वळला आणि किरण आडव्या दिशेने निघाला. तो दिसत नाही, आवाज करीत नाही. चार पावलांवरील ताडपत्रीस रुपयाएवढे भोक पडले आणि कडा जळू लागल्या, तेव्हा कळले. त्या ताडपत्रीआड एक ट्रॅक्टरचालक भाकरी खात बसला होता. पाणी आणण्यास उठला, त्याला पुरता क्षणही झाला नव्हता. कारखान्यात यंत्राभोवती भिंत असते, दार उघडताच किरण बंद पडतो. उघड्या रानात कुंपण कोणी आणि कोठवर घालावे? आम्ही त्या चालकास पाणी दिले, त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारले, आणि परतीच्या वाटेवर पुतण्याशी एक अक्षरही बोललो नाही. तोही बोलला नाही.

ज्यांच्यापाशी पैशाची ददात नव्हती त्यांचेही या कामी फारसे निराळे झाले नाही, हे मागाहून वाचून थोडे समाधान वाटले. अमेरिकेच्या वायुदलाने कार्बन डायऑक्साइडचा महाशक्तिमान लेझर एका मोठ्या विमानात बसविला आणि १९८३ साली उडत्या साइडविंडर क्षेपणास्त्रांपैकी पाच निकामी केली. पुढे प्राणवायू आणि आयोडीन यांच्या रासायनिक क्रियेवर चालणारा याहून बलाढ्य वायू-लेझर त्यांनी बोइंग ७४७ जातीच्या विमानात घातला. सहा विभाग, एकेक मोटारगाडीएवढा. ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्याने उडते क्षेपणास्त्र पाडलेही. तथापि हा किरण उपयोगी पडावा इतक्या दुरून मारा करावयाचा तर शक्ती वीस-तीस पटींनी वाढवावी लागेल, असे त्यांचे तत्कालीन संरक्षणमंत्री गेट्स यांनी २००९ सालीच सांगून ठेवले होते. २०११ अखेर योजना बंद झाली आणि २०१४ साली विमान भंगारात निघाले. एवढ्या विमानातही ज्याचे बारदान मावले नाही, ते आमच्या सहाचाकी ट्रकमध्ये मावेल असे आम्ही मानले होते.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. लहान शक्तीचा वायू-लेझर उत्तम प्रकारे फिरतो. पिशव्यांवर तारीख कोरणारी दहा-वीस वॅटची यंत्रे आज आपल्यापैकी कित्येकांच्या गोदामात आहेत; त्यांची नळी बंद असते, हवेवर थंड होते, एक मनुष्य उचलून ठेवतो. अडचण वॅट वाढल्यावर सुरू होते. शिवाय मोठ्या वायू-लेझरचा किरण दूर न्यावयाचा तर सांध्या-सांध्यावर आरसे बसविलेला हात लागतो, कारण तो काचतंतूतून जात नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने कित्येक किलोवॅटचे वायू-लेझर देशात घडविले. परंतु नरोऱ्याच्या अणुभट्टीत अडचणीच्या जागी कापण्याचे काम पडले, तेव्हा तेथील मंडळींनी वायू-लेझर न नेता स्फटिकाचा लेझर नेला. यंत्र दूर ठेवावे आणि किरण तेवढा तंतूतून आत पाठवावा, अशी ती युक्ती होती. आमच्या पुतण्याने ही हकीकत वाचली ती ट्रक सजविल्यानंतर, आधी नव्हे.

२०१४ च्या संक्रांतीस यंत्र ट्रकवरून उतरविले आणि गोविंदपुऱ्यात काँक्रीटच्या ओट्यावर पक्के बसविले. तेथे ते सात वर्षे विनातक्रार चालले. नऊ लाखांपैकी सहा परत आले. उरलेले तीन आम्ही खतावणीत ‘ट्रक खाते’ म्हणून वेगळे लिहून ठेवले आहेत. चैत्रात रक्कम अपुरी पडल्याने त्या वर्षी शरबतीचा एक चांगला सौदा हातचा गेला, त्याची नोंद कोठेच नाही. २०२१ साली पुतण्याने तंतू-लेझर घेतला. तो विजेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक किरणात उतरवितो, म्हणून त्याला काढावयाची उष्णता थोडी आणि बारदानही थोडे. चाकाच्या पेटीतून काढलेली लवचीक दोरी हातात धरून कारागीर जोडकाम करतो. डोळ्यांस तो अधिकच घातक, म्हणून विशिष्ट चष्म्यावाचून जवळ कोणी फिरकू नये असा नियम कारखान्याच्या दारावर लिहिला आहे, आणि त्याखाली वहिनींनी स्वतः उभे राहून तोच मजकूर मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहवून घेतला.

ट्रक आमच्याकडेच राहिला. सध्या तो करोंदच्या मंडीतून गहू आणतो. लेझरची चौकट जखडण्यासाठी त्याच्या तळाला पाडलेली आठ भोके तशीच आहेत, आणि त्यांतून दाणा गळू नये म्हणून पल्लेदार माल चढविण्यापूर्वी तेथे एक जुने पोते अंथरतात.