चहाऐवजी सरबत

दिवाळी आली की गुलाबी थंडी पडते, असे आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो. पण सांगलीत पुष्कळदा ऑक्टोबरचे ऊन असे काही तापते, की फराळाच्या ताटामागून वाफाळता चहा आला म्हणजे पाहुण्याचा हात आधी रुमालाकडे जातो. साताऱ्यास निदान संध्याकाळी तरी अजिंक्यताऱ्यावरून वारा उतरतो. तेव्हा यंदा चिवड्याशेजारी सरबत ठेवून पाहावे.

मराठीचा मास्तर असल्याने शब्दाची चौकशी आधी! 'सरबत' अरबी-फारसीतून आले आणि 'शराब' त्याची सख्खी बहीण. (हे पाहुण्यांना सांगू नये.) 'पन्हे' मात्र संस्कृत 'पानका'चे वंशज.

सरबताची मेख साखरेत आहे. गार पाण्यात ती लवकर विरघळत नाही आणि तळाशी बसते. त्यापेक्षा दोन वाट्या साखर व वाटीभर पाणी उकळून पाक करावा, तो पूर्ण निवल्यावरच वाटीभर रस मिसळावा. गरम पाकात लिंबाचा वास उडून जातो. लिंबू सालीपर्यंत मुरगळू नये, कडूपणा तिथेच असतो. चिमूटभर मीठ मात्र हवेच.

गार चहाचा बोलबाला झाला तो १९०४ साली, अमेरिकेतील सेंट लुईच्या प्रदर्शनात. हिंदी चहाचा प्रचारक रिचर्ड ब्लेचिन्डन याने उकाड्यात गिऱ्हाईक फिरकेना म्हणून चहा बर्फावर गार करून दिला, असे सांगतात. बर्फ वितळून पाणी होणार, म्हणून पत्ती दुप्पट घ्यावी, चार मिनिटांत गाळावे, दूध घालू नये. गरम चहा तसाच फ्रीजमध्ये ठेवला तर गढूळ होतो. थोडे उकळते पाणी घातले की निवळतो. लिंबू पिळताच रंग उजळतो, तो मुलांना दाखवावा.

बर्फ घरच्या उकळलेल्या पाण्याचा करावा. बाजारातली प्रत्येक लादी पिण्यासाठी नसते. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली झाला, तो उगाच नव्हे.

राहिले पन्हे. आमच्या साताऱ्याच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे पन्हे आत्या करी. उकडलेल्या कैरीचा गर, त्याच्या दुप्पट गूळ, वेलदोडा, मीठ. ती विधवा. बायका माजघरात गौरीपुढे बसत, ती स्वयंपाकघरातून पेले भरून देई, आणि पन्ह्याची वाहवा तिला भिंतीपलीकडून ऐकू येई. एका वर्षी आईने तिला हाताला धरून बाहेर आणले, गौरीपुढे बसवले आणि पहिला पेला तिला दिला. दोघी-तिघी न पिताच उठल्या. त्यांचे पेले आईने आम्हा मुलांना वाटून टाकले. आत्या बराच वेळ पेला हातात धरून बसली. मग एक घोट घेऊन म्हणाली, "वहिनी, मीठ जरा कमीच पडलंय."