दश्शी गेली की राहिली?

आपल्याकडे पत्त्यांना मान मिळतो तो दोनच प्रसंगी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना भर दुपारी घरात अडवून ठेवायचे असते तेव्हा, आणि लग्नघरी रात्र जागून काढायची असते तेव्हा. एरवी लोक "पत्ते कुटणे" म्हणतात, आणि त्या क्रियापदातच निकाल लागलेला असतो. वर्षातून चार-सहा तरी मुलगे वा सुना घरच्या वडीलधाऱ्यांना माझ्या दवाखान्यात घेऊन येतात आणि रक्तदाब पाहून झाला की हळूच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, यांना जरा समजावून सांगा. जेवण झालं की मोंढ्यात जाऊन बसतात, ते दिवेलागणीलाच परत." ज्यांना समजवायचे ते गृहस्थ तोपर्यंत भिंतीवरचे कॅलेंडर वाचत असतात.

अशा वेळी मी तीन प्रश्न विचारतो. पैसे लावून खेळता का? कोणता डाव खेळता? आणि अलीकडे हात कुणाचे जास्त होतात, तुमचे की समोरच्यांचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मनापासून 'नाही' असे आले, तर समजावून सांगण्याची गरज मुलाला असते, वडिलांना नसते. तिसऱ्या प्रश्नाचे कारण पुढे येईलच.

पत्ते म्हणजे बिनडोक उद्योग, असे ज्यांना वाटते त्यांना मी सावंतवाडीच्या गंजिफांविषयी सांगतो. सावंतवाडीला आजही हाताने रंगवलेली गोल पाने तयार होतात. कागदाचे थर चिकटवायचे, त्यांवर चिंचोक्याची खळ द्यायची, चित्र काढायचे आणि वरून लाखेचा हात फिरवायचा, अशी ती कृती. ही कला बंद पडण्याच्या बेतात होती. तेथील राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या काळात ती पुन्हा उभी केली. सत्वशीलादेवी स्वतः पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकल्या. हा खेळ केवळ कोकणाचाच होता असेही नाही. आपल्या नांदेडपासून फार दूर नसलेल्या, आता तेलंगणात असलेल्या निर्मल गावीही गंजिफा रंगवल्या जात. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगलांच्या गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने असत. आपल्याकडे त्याच खेळात विष्णूचे दहा अवतार येऊन बसले आणि 'दशावतारी' तयार झाली.

दशावतारीत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने, एकूण १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. खेळणारे बहुधा तीन, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ४० पाने. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याची पहिली उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असेल त्याची. इथपर्यंत गंमत वाटते. पुढची अट मात्र डोक्याला घाम आणणारी आहे. पाच अवतारांत राजा आणि प्रधान यांच्याखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच अवतारांत हे सगळे उलटे, एक्का मोठा आणि दश्शी कवडीमोल! शिवाय या खेळात हुकूम बोलायचा नसतो. एखाद्या रंगात हात नसेल तर कापून घेण्याची सोय नाही. आतापर्यंत कोणती पाने पडून गेली आणि आता या रंगात सर्वांत मोठे पान कुणाकडे उरले, एवढे ज्याच्या डोक्यात पक्के, त्याचाच हात.

काही वर्षांपूर्वी कोकणात गेलो असता मी असा एक संच घेऊन आलो. सेलूत दोन भिडू मिळवले, एक निवृत्त गणित शिक्षक आणि एक औषध दुकानदार. पहिल्या दिवशी ४० पाने हातात मावेनात म्हणून तिघांनी आपापल्या पुढ्यात टॉवेल पसरून त्यांची आरास मांडली, शेजाऱ्याने वाकून पाहू नये म्हणून मध्ये उशा ठेवल्या. दीड तासात वराहाची दश्शी गेली की राहिली, यावरून दोन वेळा वाद झाला. शिक्षक जिंकले, हे सांगायला नकोच. पण उठताना तेही म्हणाले की, दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासल्यावर डोके इतके शिणत नसे.

हा शीण कशाचा असतो? पडलेले पान लक्षात ठेवणे, त्यावरून दुसऱ्याच्या हातात काय असावे याचा अंदाज बांधणे, मोठे पान आता टाकावे की राखून ठेवावे हे ठरवणे, आणि नवीन माहिती येताच जुना बेत बदलणे, ही चार कामे मेंदू एकाच वेळी करत असतो. यातले बरेचसे काम कपाळामागच्या भागाकडे असते. वय वाढते तसा या कामाचा वेग कमी होतो, ते स्वाभाविक आहे. आपला मेंढीकोट दशावतारीपेक्षा सोपा, पण जातकुळी तीच. चारही दश्श्यांचा हिशेब आणि हुकुमाची किती पाने बाहेर आली याची मोजणी ज्याला ठेवता येते, त्याच्या भिडूला चिंता नसते. एकट्याने मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांत मोजणी थोडीफार असते, पण समोरच्याचा चेहरा वाचणे, त्याला चिडवणे आणि हरल्यावर चहा पाजणे त्यात नसते.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांपुढील ४६९ वृद्धांची काही वर्षे पाहणी केली गेली, तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. जे वाचन करत, वाद्य वाजवत, पटावरचे खेळ किंवा पत्ते खेळत, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. मात्र हे वाचून कुणी लगेच औषध म्हणून पत्त्यांचा कॅट घेऊ नये. खेळल्यामुळे मेंदू चांगला राहिला, की ज्यांचा मेंदू चांगला होता तेच खेळत राहिले, हे अशा पाहणीतून पूर्णपणे उलगडत नाही. आजार उघड होण्याच्या कितीतरी आधी माणूस आवडत्या गोष्टींतून अंग काढून घेऊ लागतो. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण टाळता किंवा आटोक्यात ठेवता येण्यासारखी चौदा कारणे सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे, दृष्टी अधू होणे यांच्याबरोबर एकटेपणाही आहे. हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. दुपारी चार माणसांत बसणाऱ्या वृद्धाला पत्ते सोडायला लावले तर तो घरी बसून ज्ञानेश्वरी वाचेल, असे मुलांना वाटते. माझ्या पाहण्यात तो बहुधा टीव्हीसमोर डुलक्या घेतो आणि रात्री झोप येत नाही म्हणून गोळी मागायला येतो.

आता तो तिसरा प्रश्न. एका आडत दुकानातून निवृत्त झालेले मुनीम माझ्याकडे मधुमेहासाठी येत. एकदा त्यांच्याऐवजी त्यांचा पत्त्यांतला भिडू आला आणि तक्रार स्वतःची सांगण्याऐवजी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मुनीमजीचं डोकं ठिकाणावर दिसंना. काल दोनदा रंग हातात असतानी हुकूम मारला त्यायनं. सांगाया गेलो तर वरतून भांडले." घरच्यांना विचारले तर त्यांना काहीच जाणवले नव्हते. जेवण, अंघोळ, देवपूजा, सगळे वेळच्या वेळी चालू होते. रोजच्या सवयीची कामे मेंदू अर्धवट झोपेतही उरकतो, पत्त्यांचा डाव मात्र रोज नवा असतो. त्यामुळे घरात जे दिसायला वर्ष लागले असते ते मोंढ्यातल्या सतरंजीवर महिन्याभरात दिसले.

मुनीम शुद्ध शाकाहारी, दूध-दहीही बेताचे, आणि मधुमेहासाठी कित्येक वर्षे मेटफॉर्मिनची गोळी चालू. तपासणीत ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. आपल्या आहारात ते मुख्यतः दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळते आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने त्याचे शोषण घटते. त्यांना इंजेक्शने दिली. तळपायाच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण तीन-चार महिन्यांत डावातली मोजणी बऱ्यापैकी जागेवर आली. भिडूने आता तक्रार करणे थांबवले आहे, निदान माझ्याकडे तरी.

विसरभोळेपणाच्या मागे अशी दुरुस्त होणारी कारणे अनेक असतात आणि "वय झालं" या दोन शब्दांखाली ती गाडली जातात. थायरॉईडचे काम मंदावणे हे एक. बायको गेल्यानंतर किंवा मुले पुण्याला गेल्यानंतर येणारी उदासीनता हे दुसरे, आणि ते आपल्याकडे सर्वांत कमी ओळखले जाते. झोपेच्या गोळ्या, सर्दीची काही औषधे, मधुमेहाच्या औषधाने साखर वारंवार उतरणे. मोतीबिंदूमुळे चौकट आणि बदाम सारखेच दिसू लागणे, किंवा बोललेला हुकूम ऐकूच न येणे. या दोघांना तर लोक सर्रास "डोकं गेलं" म्हणतात. आणखी एक कारण खेड्यापाड्यातल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. म्हातारा माणूस मोटारसायकलवरून किंवा बाजेवरून पडतो, डोक्याला किरकोळ मार लागतो, सगळे विसरून जातात. तीन-चार आठवड्यांनी तो गोंधळल्यासारखा वागू लागतो, चालताना एका बाजूला झुकतो. अशा वेळी कवटीच्या आत मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साकळलेले असू शकते. सीटी स्कॅनने ते कळते आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक वेळा माणूस सुधारतो. पण येथे दिवस मोजून चालत नाही, त्याच दिवशी निघावे लागते.

काहींच्या बाबतीत मात्र निदान स्मृतिभ्रंशाचेच निघते. भारतातील साठीपुढच्या शंभर जणांत सुमारे सात जणांना तो असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला आहे. असे एक गृहस्थ मेंढीकोटाच्या त्याच कोंडाळ्यात होते. त्यांचे निदान झाल्यावर घरच्यांनी त्यांना तेथे पाठवणे बंद केले, लोक हसतील म्हणून. सोबत्यांनी त्यांना घरी येऊन परत नेले. आधी त्यांच्यासाठी बदाम सात सुरू झाला, कारण त्यात आठवणीचे काम कमी आणि पाने डोळ्यांसमोर. पुढे तेही जमेना तेव्हा पाने पिसून वाटण्याचे काम त्यांच्याकडे आले. पिसणे हातांच्या सवयीचे असते, ते फार उशिरा जाते. वाटणीत कुणाला चौदा पाने गेली तर कुणी बोलत नसे. आजार त्यामुळे थांबला नाही, थांबणार नव्हताच. पण संध्याकाळी होणारी त्यांची चिडचिड पुष्कळ कमी झाली, असे सून सांगत असे.

आता पहिल्या प्रश्नाकडे. पैसा आला की पत्ते तेच राहतात आणि खेळ बदलतो. जिंकण्याचा आनंद मेंदूला कधी मिळेल याचा नेम नसतो, आणि नेम नसल्यामुळेच तो सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुगाराच्या आहारी जाणे हा विकार म्हणून नोंदलेला आहे. माझ्याकडे छातीत धडधड आणि निद्रानाश घेऊन आलेल्या तरुणांपैकी काहींचा कार्डिओग्राम स्वच्छ निघाला आणि मोबाईलवरच्या रमीने झालेले कर्ज मात्र लाखात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायद्याने दुकान बंद होते, पण लागलेली चटक राहते. घरातला मुलगा उधारी लपवू लागला, हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळू लागला, तर त्याला मारझोड न करता शासनाच्या 'टेलिमानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. जीव देण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नये.

ओट्यावरच्या खेळाबद्दलही माझ्या दोन-चार तक्रारी आहेतच. पहिली तंबाखूची. एका डब्यातून चौघे चुना मळतात, आणि खेळाच्या नादात दिवसाची पुडी दुपारीच संपते. दुसरी मांडी घालून तीन तास बसण्याची. गुडघे तर कुरकुरतातच, पण मधुमेह असणाऱ्याने एवढा वेळ बसूच नये. प्रत्येक डाव संपला की हरलेल्या जोडीने उठून पाणी आणावे, असा नियम केला तर काम होते. लघवी दाबून बसणारेही पुष्कळ, त्यांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर पुढे लघवी तुंबल्याच्या कळा घेऊन रात्री दवाखाना गाठावा लागतो. हात थरथरत असेल तर पाने उभी राहतील अशी खाच पाडलेली लाकडी पट्टी सुताराकडून करून घ्यावी. नजर कमी असेल तर मोठ्या आकड्यांचा कॅट मिळतो. बसायची जागा दाराजवळ, उजेडाची असावी.

आणि नेहमी जिंकणारा माणूस दोन-तीन महिन्यांत सारखा हरू लागला, पाळी विसरू लागला, किंवा खेळायला यायचाच बंद झाला, तर त्याला तपासणीला आणावे. येताना चालू औषधांची पिशवी आणि जुने रिपोर्ट आणावेत, चष्मा व कानाचे यंत्र असेल तर तेही. जमल्यास त्याच्या भिडूलाही सोबत आणावे. त्याची फी मी घेत नाही.