कुणाची माय, कुणाची याडी

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं राज्यात बंधनकारक झालं. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. फार उशिरा आलेला हा निर्णय आहे आणि त्याचं मनापासून स्वागत करायला हवं. मात्र ज्या बाईचं नाव या रकान्यात लिहिलं जातं, तिला जालना जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत 'आई' म्हणून कुणी हाकच मारत नाही. भोकरदन-जाफ्राबादच्या वाडीवस्तीवर ती 'माय' असते. मंठा-परतूरकडच्या बंजारा तांड्यात ती 'याडी' असते. जालना शहराच्या जुन्या मोहल्ल्यांत 'अम्मी' किंवा 'अम्मा', व्यापारी पेठेतल्या मारवाडी घरात 'माँ', आणि इंग्रजी शाळेची बस जिथं थांबते तिथं बहुतेक 'मम्मी'.

'जालना सोने का पालना' ही म्हण इथं आजही ऐकू येते. व्यापाराच्या या गावात देशोदेशीची माणसं आली, ती आपापली हाक घेऊनच. त्यातली मराठी शेतकरी घराची हाक म्हणजे माय. संस्कृत 'मातृ'पासून प्राकृतातून उतरलेला हा शब्द विदर्भात आहे, खानदेशात अहिराणीत आहे आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत 'मांय' म्हणूनही आहे. ज्यांच्या घरात तो उरला नाही, त्यांच्याही तोंडी माहेर आणि मावशी आहेतच. माहेर हे मातृगृह, मावशी ही मातृष्वसा. 'आई'चं नातं मात्र अनेक अभ्यासक द्राविड भाषांशी जोडतात. कन्नडातली 'तायी' आणि तमिळमधला जुना 'आय्' शेजारी ठेवून पाहिलं की त्यांचं म्हणणं पटतं. कोकणात 'आवस', 'आवशी', पश्चिम महाराष्ट्रात 'आय'. चिडलेल्या माणसाच्या तोंडून 'आयला' येतं की 'मायला', यावरूनही पूर्वी त्याचा मुलूख ओळखता यायचा. सिनेमानं आता 'आयला' सगळीकडे नेलं.

मराठवाड्याला 'माय' आणि 'आई'मधली ही तफावत जरा अधिक जाणवते, त्याला इतिहास आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी शाळा गावोगाव पोचली ती त्यानंतर. ती येताना पुण्या-मुंबईकडची छापील मराठी घेऊन आली. पुस्तकातली आई, पत्रातली 'तीर्थरूप आईस', साने गुरुजींची 1935 मध्ये आलेली 'श्यामची आई' आणि तिच्यावरचा अत्र्यांचा चित्रपट. पुस्तक थोरच, त्याबद्दल दुमत नाही. पण वर्गात 'माझी आई' हा निबंध लिहिणाऱ्या पोराला नकळत एक गोष्ट शिकवली गेली, की घरातली माय ही गावंढळ आणि वहीतली आई ही शुद्ध. तेराव्या शतकापासून संत ज्या शब्दानं देवाला हाक मारत आले, तो शब्द अशुद्ध कसा ठरतो?

माणसं दोन्ही शब्द जपून वापरतात, हेही खरं. अंबडला मत्स्योदरी देवीची नवरात्रातली जत्रा भरते. तिथं डोंगर चढणारी बाई देवीला 'आई' म्हणेल आणि वळून मागच्या म्हातारीला 'माय, हळू ये' म्हणेल. तुळजापूरच्या वाटेवरचा घोषही 'आई राजा उदो उदो' असाच. म्हणजे शब्द प्रदेशावर ठरतो, हे अर्धंच खरं.

उरलेलं अर्धं घरात ठरतं. मूल आईला कोणत्या नावानं हाक मारणार, हे ते आजूबाजूला काय ऐकतं त्यावर असतं. एकत्र कुटुंबात दीर-नणंदा तिला 'वहिनी' म्हणतात, लेकरूही तेच उचलतं आणि साठीतला माणूस आपल्या नव्वदीच्या आईला 'वहिनी' म्हणताना दिसतो. कुठं ती 'बाई' असते, कुठं 'अक्का', कुठं 'जिजी'. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात प्रांतोप्रांतीचे नातेवाचक शब्द जमवले. त्यांच्या स्वतःच्या घरात मुलं त्यांना 'इरू' म्हणत. आता जालन्यात हेच सूत्र वेगळ्या वाटेनं चाललंय. बाप आपल्या आईला 'आई' म्हणतो, म्हणून नातवंडंही आजीला 'आई' म्हणतात आणि जन्मदात्रीसाठी 'मम्मी' मोकळी राहते. त्या आजीनं मात्र तिच्या आईला माय म्हटलेलं असतं. तीन पिढ्या एकाच ओट्यावर बसल्या तर तिन्ही शब्द तिथंच सापडतील.

जात्यावरच्या ओव्यांत तर आणखी शब्द आहेत. गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवाशीण आईला 'बया' म्हणते, 'माउली' म्हणते, लाडानं 'गवळण'ही म्हणते. जातं थांबलं तसे हे शब्द कमी होत गेले. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठी बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, त्यात नातेवाचक शब्दही विचारले, हे फार मोलाचं काम आहे.

पण 'माय'चा खरा पसारा कोणत्याही प्रश्नावलीत मावायचा नाही, कारण इकडे ही हाक फक्त लेकराकडून आईकडे जात नाही. रुसलेल्या चार वर्षांच्या पोरीला आई म्हणते, "जेव माय, असं रुसू नई." धुणं धुताना शेजारीण शेजारणीला म्हणते, "काय सांगू माय तुला." सासरी निघालेल्या लेकीला बाप म्हणतो, "नीट जाय माय." आठवडी बाजारात मेथीची जुडी पुढं करणारी बाई ओळखदेख नसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणते, "घे माय, ताजी हाय." बोलणारी साठीची असो की विशीची आणि समोर लेक, शेजारीण किंवा परकी बाई असो, तिला मायच म्हणतात. 'आई' किंवा 'मम्मी' या शब्दांना ही मुभा नाही. मेथीवाली गिऱ्हाइकाला मम्मी म्हणणार नाही. म्हणून जालन्याच्या घरात माय म्हणणं थांबलं, तर आईसाठी दुसरा शब्द लगेच मिळेल, पण लेकीला, शेजारणीला आणि अनोळखी बाईला एकाच मायेनं बोलवायला काय म्हणायचं, ते पुन्हा शोधावं लागेल.